सापळ्याला सोबत

आमच्या आईला डास फार चावायचे आणि तिला त्याचा चक्क अभिमान होता. पडवीत पाच माणसं बसलेली असली तरी घोळका तिच्याच पायाशी. बाकीच्या बायका निवांत चहा प्यायच्या आणि ती पदराने पोटऱ्या झाडत म्हणायची, "माजं रगत गोड हाय ना, तुमाला कोन इचारतंय?" लहानपणी मी आणि धाकटा भाऊ तिच्या दोन बाजूंना झोपायचो. सकाळी तिच्या हातांवर लाल गांध्या असायच्या, आमच्या अंगावर क्वचित एखादी. करपलेली भाकरी, तुटक्या कानाचा कप आणि डास या गोष्टी तिच्याच वाटणीच्या, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

पुढे माझं पोट डासांवरच चालायला लागलं. प्राणिशास्त्र शिकले, काही वर्षं खाजगी शिकवण्या घेतल्या, लग्न केलं, ते टिकलं नाही, आणि कर्जतला माहेरी परत आले. तेव्हा मुंबईच्या एका संस्थेला इथे कामाला माणसं हवी होती. छोटी गावं बघता बघता शहरं होतात, तिथले डास पकडायचे कसे, याचा त्यांचा अभ्यास होता. कर्जत आणि खोपोली त्यांना अगदी हवी तशी सापडली. जिकडे बघावं तिकडे अर्धवट इमारती, स्लॅबवर साचलेलं पाणी, उघडी पिंपं. मला कंत्राटावर घेतलं. लोक विचारायचे, "ताई, शिकून सवरून डास धरता?" मी म्हणायचे, "तुम्ही पाळता, मी धरते." तोंड बंद व्हायचं.

आमचा सापळा म्हणजे काळी बादली. वर पांढरं फडकं, मधोमध भोक, आत खाली हवा ओढणारा छोटा पंखा आणि जाळीची पिशवी. एवढ्यावर फारसं काही सापडत नाही, कारण डास माणसाला शोधतो तो श्वासावरून. आपण उच्छ्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याचा माग काढत तो लांबून येतो. जवळ आल्यावर मग घाम, ऊब वगैरे बघतो. म्हणून बादलीला श्वास द्यावा लागतो. मोठ्या ठिकाणी त्यासाठी गॅसचं सिलिंडर लावतात. आमच्या गल्ल्यांतून सिलिंडर नेलं की लोक दारं लावून घ्यायचे, म्हणून आम्ही साधा उपाय केला. बाटलीत गुळाचं पाणी आणि बेकरीतलं यीस्ट. ते आंबलं की तोच वायू सुटतो, आणि नळीने तो बादलीच्या तोंडाशी सोडायचा. वास मात्र थेट हातभट्टीचा. दोन-तीन घरी तर पुरुषमंडळी बाटली हुंगून बघायची.

एकच नियम आम्ही घरोघर घोकून घ्यायचो. सापळ्याच्या जवळ कुणी बसायचं नाही. बादली नुसता श्वास सोडते. माणसाकडे श्वासही असतो, घामही असतो, रक्तही असतं. दोघं शेजारी असले तर डास माणूसच निवडणार. सापळा ठेवायचा तो माणसांपासून दूर, डासांच्या वाटेवर.

एक सापळा आमच्या घरी लागला. मी वशिला लावला नव्हता, जागाच तशी होती. घरामागचं आमचं भाताचं शेत विकलं गेल्यावर तिथे इमारतीचं काम सुरू झालं आणि अर्ध्यावर थांबलं. लिफ्टच्या खड्ड्यात बारमाही पाणी. तिथून निघालेला डास सरळ आमच्या पडवीत. संस्थेच्या मुंबईच्या मॅडमनी स्वतः येऊन जागा पाहिली आणि पडवीच्या टोकाला, अळवाच्या वाफ्याजवळ सापळा लावला.

त्याच वर्षी गणपती झाल्यावर वहिनी बाळाला घेऊन तिच्या माहेरून, मोहोपाड्याहून आली. मुलगी चार महिन्यांची, गुटगुटीत, आणि रडायला लागली की थेट माझ्यावर गेलेली. भाऊ रसायनीला कारखान्यात नोकरीला. तो ड्यूटीवरून आला की हातपाय धुवायच्या आधी पाळण्याशी. घर एकदम भरून गेलं. पण गल्लीत डेंग्यूचे ताप सुरू झाले होते. समोरच्या घरातला कर्ता मुलगा दवाखान्यात जाऊन आला होता, त्याच्या पलीकडच्या घरात मायलेकी दोघी आजारी. आईच्या जिवाला घोर लागला.

तिचा घोर मला समजत होता. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. तो तान्हा असतानाच हिवतापाने गेला. ती त्याच्याबद्दल कधीच बोलत नसे. फक्त कुठल्याही लहान मुलाला ताप आला असं कळलं की ती हातातलं काम टाकून उठायची आणि उगाच घरभर फिरायची.

आता ती रोज संध्याकाळी खापरात गोवरी पेटवून वर कडुनिंबाचा पाला टाकायला लागली. घर धुराने भरून जायचं. बाळाची छाती घरघरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद, कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. मी खापर उचलून परसात नेऊन ठेवलं. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मीच तिला हाताला धरून सापळ्यापाशी नेलं.

"हे बघ, ही बाटली श्वास सोडते. डासांना वाटतं इथे माणूस आहे. बाळाकडे जायच्या आधी ते इकडे वळतील."

तिने वाकून बाटली पाहिली. गुळाच्या पाण्यात एकेक बुडबुडा सावकाश वर येत होता.

"किती हलू सोडतंय गं," ती म्हणाली. "येवढ्याशानं काय व्हनार?"

"होतं, आई. यंत्राला कळतं."

"यंत्राला कलतं, पन डासाला कलाया पायजे ना."

मी हसले आणि कामाला गेले.

आमच्या घरचा सापळा चालेना. गल्लीत समोर लावलेल्या सापळ्याची पिशवी रोज काळी व्हायची आणि आमच्या पिशवीत चार-दोन चिलटं. खड्डा आमच्या मागे, डास समोरच्या घरी, हे काही गणित जुळेना. मी यीस्ट बदललं, गूळ बदलला, पंखा पुसला, नळीला भोक पडलं आहे का ते पाण्यात बुडवून पाहिलं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "जागाच चुकली असेल. थोडे दिवस बघू, नाहीतर काढून दुसरीकडे लावू." फोन स्पीकरवर होता. आई शेजारीच तांदूळ निवडत होती.

"काडनार?" तिने विचारलं. "मंग पोरीचं काय?"

"अगं, पोरीला मच्छरदाणी आहे ना."

"पोर काय दिसभर जालीत बसनार? तिला न्हानं हाय, तेल हाय, पाजनं हाय." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. डेंग्यूचा डास दिवसाच चावतो, हे तिला मीच सांगितलं होतं.

एका दुपारी खोपोलीचं काम लवकर उरकलं आणि मी न कळवता घरी आले. पडवीत पाऊल टाकलं आणि थबकलेच. आई सापळ्याला लागून चटईवर कुशीवर झोपली होती. झोपली कसली, जागीच होती. पोलक्याच्या बाह्या दुमडून वर घेतलेल्या, लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेलं, तोंड बादलीच्या भोकाशी. आणि ती तोंड उघडून सावकाश, लांब लांब श्वास सोडत होती. तिच्या दंडावर तीन डास बसले होते. पायांवर पांढरे पट्टे, मला ते लांबूनही ओळखू येतात. ती त्यांना हाकलत नव्हती.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "आई! काय चाललंय हे?"

ती दचकून उठली आणि आधी मला गप्प करत तिने आत बघितलं, बाळ झोपलं होतं म्हणून. मग म्हणाली, "वरडू नको गं. त्याला सोबत करते हाय."

"कुणाला?"

"ह्या तुज्या बादलीला. तिचा शास पुरत नाय. तू बाटली दावलीस ना, तवापासनंच बसते हाय हितं. त्यात तूच फोनवर बोललीस, डास येत नाय म्हनून. दोगींचा मिलून शास जास्त व्हतो. नाय तर काडून नेतील ती."

वहिनी आतून आली. ती गोंधळून माझ्याकडे बघत होती. "रोज दुपारी बसतात त्या, ताई. संध्याकाळी दिवा लागेपर्यंत. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

मी कपाळाला हात लावला. साऱ्या गल्लीला नियम घोकवून आले होते, आणि माझ्याच घरात तो कुणाच्या कानावर गेला नव्हता. घरच्यांना काय सांगायचं, असं समजून मी सांगितलंच नव्हतं. मग तिथेच खाली बसून आईला समजावलं. तुझ्यामुळे सापळ्यात डास वाढत नाहीत, कमी होतात. ते तुझ्याकडे येतात. तुलाच चावतात.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी पोरीकडं नाय जात?"

"तसं नाही, आई..."

"मला चावलं म्हंजी पोरीला नाय चावलं. मंग झालं तर."

मी आवाज चढवला. मरायचंय का, म्हटलं. अडाणीपणा म्हटलं. संध्याकाळी भाऊ आला आणि त्याला सगळं कळलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला. "ताये, तुज्या मॅडमला कलव, आमच्याकडं चालता बोलता सापला हाय." आईही हसली. मग त्यानेच तिला दटावलं आणि बाळाच्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं. तिने ते पाळलं, तिच्या पद्धतीने. सापळ्यापाशी पुन्हा बसली नाही. मागच्या दारी, त्या खड्ड्याकडे तोंड करून जी पायरी आहे, तिथे बसायला लागली. हे मला शेजारणीने नंतर सांगितलं.

आठवडाही झाला नसेल, आई अंग दुखतंय म्हणायला लागली. पावसाची कसर आहे, जाईल, असं तिचं तिनेच ठरवलं. ती बाळाला घेईना. वहिनीने हातात दिलं तर "घामेजलेय मी" म्हणून मागे सरायची. तेव्हाच मला समजायला हवं होतं. तिचे डोळे बघितले, ते बाहेर आल्यासारखे लाल. कपाळाला हात लावला तर तवा. रक्त तपासलं आणि जे व्हायचं होतं तेच कागदावर आलं.

आधी कर्जतलाच दवाखान्यात ठेवलं. पेशी उतरायला लागल्या तेव्हा पनवेलला नेलं. तिथे तिच्या खाटेला मच्छरदाणी बांधली. तिला त्याचं फार नवल वाटलं. "आता कशाला? चावायचं ते चावून झालं की."

मी बाहेर स्टुलावर बसले होते. डोकं थकलेलं होतं आणि रोज पन्नास घरांत देते ते उत्तर तोंडून आपोआप गेलं. "तुझ्यासाठी नाही, आई. तापातल्या माणसाला डास चावला की त्याच्या अंगात ते जातं, आणि मग तो दुसऱ्याला देतो. म्हणून तापाच्या माणसाला जाळीत ठेवतात."

बोलून झालं आणि तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. जाळीपलीकडे ती अगदी स्थिर झाली होती.

"म्हंजी माज्यापासनं..." तिने ओठ ओले केले. "मी तापात घरातच व्हते. दोन दिस व्हते. मागं पायरीवर बसले व्हते. माज्यावरनं उटून पोरीवर गेला असंल तर?"

जे मला अभ्यास म्हणून येत होतं ते तिने एका क्षणात ओळखलं होतं. आणि जे तिला कळू नये असं मला वाटत होतं तेही. तिचे हात जाळीला चाचपत होते. "सांग ना गं. मी दिलं काय पोरीला?"

"नाही," मी म्हणाले. "तुला चावलेले सगळे सापळ्यात सापडले."

"सगलं?"

"सगळे. मी स्वतः बघितले. पोट लाल असतं ना, लगेच ओळखू येतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यात तिच्याशी पुष्कळ भांडले, पण खोटं बोलले नव्हते, आणि ते तिला माहीत होतं. तिचा हात हळूहळू खाली आला. "बरं झालं बाय," ती म्हणाली. "नाय काडला ते बरं झालं." मग तिने डोळे मिटले. त्या दिवसांच्या पिशव्या संस्थेच्या फ्रीजरमध्ये तशाच पडून होत्या. मी एकही उघडलेली नव्हती.

दोन दिवसांनी आई गेली.

घरात माणसं आली. आत्या, मावश्या, कोंडाण्याकडचे चुलते, वहिनीच्या माहेरचे. पडवी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरलेली. रडणं, चहा, कुणी आलं की पुन्हा रडणं. मला धड रडताही येईना, कारण मी मनातल्या मनात दिवस जुळवत होते. डासाच्या अंगात ते तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. मग चावल्यावर ताप यायला आणखी काही दिवस. म्हणजे आईचे दिवस आणि बाळाची भीती एकाच वेळी चालू. भाताचा घास कावळ्यासाठी ठेवला तेव्हाही माझं लक्ष आतल्या पाळण्याकडे होतं. घरातल्या कुणाला मी हे सांगितलं नाही. येता जाता बाळाच्या मानेला हात लावून बघायचे. बायका म्हणायच्या, आत्याला किती लळा आहे बघा.

बाळाला काही झालं नाही. दिवसकार्य झालं, त्यानंतरचेही दिवस गेले, आणि पोरगी ठणठणीत. पालथी पडायला लागली. त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर रडले. आईला सांगावंसं वाटलं, आणि मग वाटलं, ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. "बग, मी काय बोलले व्हते?" तिच्यामुळे बाळ वाचलं असं मी म्हणू शकत नाही. एका घरावरून, एका मुलीवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. दुसऱ्या कुणी काढला असता तर मी त्याला झापलं असतं. पण तिच्यामुळे वाचलं नाही, असंही मला म्हणता येत नाही. निदान तीन डास तिच्या दंडावर बसले आणि पुढे गेले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कामावर परत गेले तेव्हा मागच्या सगळ्या पिशव्या निवडायच्या राहिल्या होत्या. सापळा घरी चालूच होता. इतक्या गर्दीतही वहिनी न विसरता गुळाचं पाणी बदलत होती. "त्यांचा जीव होता ना त्यात," एवढंच म्हणाली. मी भिंगाखाली एकेक पिशवी उघडली. आई तापात घरी होती त्या दिवसांच्या पिशव्यांत जवळजवळ काहीच नव्हतं. लाल पोटाचा तर एकही नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं, चिमट्याने सगळं बाजूला करून बघितलं. पडवी पाहुण्यांनी भरलेली होती त्या दिवसांच्या पिशव्याही तशाच. आई दवाखान्यात असतानाच्या आणि पाहुणे गेल्यानंतरच्या पिशव्या मात्र गच्च भरलेल्या होत्या.

मॅडम त्याच आठवड्यात आल्या. त्यांना घरचं कळलं होतं, पण आजारपण एवढंच; नेमकं काय झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, चार शब्द बोलल्या, मनापासून बोलल्या. मग पिशव्या रिकाम्या करून मांडून ठेवलेल्या बश्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. एकीत काही नाही आणि दुसरी काळीभोर. त्या वाकल्या, भिंग डोळ्याला लावलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. ते त्यांच्या कामाचं होतं, मी त्यांना दोष देत नाही. माझाही खुलला असता.

"जागा बरोबर होती तर!" त्या म्हणाल्या. "मी उगाच काढायला निघाले होते. इतका फरक? गूळ बदललात की यीस्ट? काय केलंत नेमकं?"

मी म्हणाले, "काही नाही, मॅडम. आता तिथे कुणी बसत नाही."